व्यायामाच्या वेळी बाइंडर: छाती किती आवळावी, कधी मोकळी सोडावी

महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराची छाती टेपने दोनदा मोजली जाते. न फुगवता ती किमान ७९ सेंटिमीटर भरावी लागते आणि खोल श्वास घेऊन फुगवल्यावर आणखी किमान ५ सेंटिमीटर वाढावी लागते. हा आकडा येथे मुद्दाम देत आहे, कारण बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून आपण घालतो तो घट्ट कपडा, आपल्याकडून काय काढून घेतो ते त्यातून नेमके कळते. बरगड्यांच्या बारा जोड्या प्रत्येक श्वासाबरोबर वर आणि बाजूंना उघडतात. हा कपडा केवळ स्तनांवर नव्हे, या संपूर्ण पिंजऱ्यावर दाब देतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या फुप्फुसांत मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा ये-जा करते, आणि जोरात धावताना हीच गरज १०० लिटरच्या आसपास पोहोचू शकते. त्यामुळे कार्यालयात किंवा वर्गात दिवसभर निभावून जाणारा घट्टपणा मैदानावर निभावेलच, असे मुळीच नाही.

मी स्वतः ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष, आहे आणि हे मला उशिरा समजले. बाइंडर विकत घेण्याची ऐपत नव्हती आणि घरी पार्सल मागवण्याची सोयही नव्हती, तेव्हा मी मेडिकलमधून सहा इंची क्रेप बँडेज आणून छातीला गुंडाळत असे. मे महिन्यातील एका सकाळी तसाच मैदानावर धावायला गेलो. दुसऱ्या फेरीत श्वास वरच्या वर अडू लागला, तिसऱ्या फेरीत बोटांना मुंग्या आल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मैदानाच्या भिंतीआड जाऊन बँडेज सोडायला घेतले, तर टोकाच्या धातूच्या चिमट्या घामाने बुळबुळीत झाल्या होत्या आणि थरथरत्या बोटांत येत नव्हत्या. पट्टी सुटली तेव्हा कातडीवर तिच्या विणीची नक्षी जशीच्या तशी उमटलेली होती, आणि डाव्या बरगडीची कळ पुढे तीन आठवडे शिंकतानासुद्धा येत राहिली.

म्हणून सुरुवात निषेधापासून करतो. क्रेप बँडेज, चिकटपट्टी, प्लॅस्टिकचा वेष्टनपट, ओढणी किंवा साडीचा पट्टा यांपैकी काहीही गुंडाळून व्यायाम करू नये. खरे तर एरवीही गुंडाळू नये. क्रेप बँडेज मुरगळलेल्या घोट्याची सूज दाबण्यासाठी बनवलेली असते. हालचालीबरोबर तिचे वेढे सरकतात, एकमेकांवर चढतात आणि एका अरुंद रेषेत दाब साठत जातो. बाइंडिंगविषयी १,८०० जणांचे एक मोठे ऑनलाइन सर्वेक्षण २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात ९७ टक्क्यांहून अधिक लोकांनी पाठदुखी, अंगात उष्णता साठणे, छातीत दुखणे, धाप लागणे यांसारखा किमान एक तरी त्रास नोंदवला होता. तयार बाइंडर वापरणाऱ्यांनाही त्रास चुकलेला नव्हता, आणि आठवड्यातून किती दिवस छाती बांधली जाते याचा त्रासाशी सर्वांत सातत्याने संबंध दिसला होता. बाइंडर चांगल्या प्रतीचा आहे म्हणून तो घालून काहीही करावे, असा अर्थ कोणी काढू नये.

सर्वांत सुरक्षित व्यायाम बाइंडरशिवायचा, हे मला स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. घराची गच्ची, दार लावलेली खोली, पहाटेचा निर्मनुष्य रस्ता असे जे काही उपलब्ध असेल, तेथे सैल गडद टी-शर्ट घालून व्यायाम करता येत असेल तर आधी तोच पर्याय निवडावा. परंतु मोकळ्या छातीने चार लोकांत उभे राहणे ज्याला अशक्य होते, त्याला एवढेच सांगून थांबणे म्हणजे त्याला व्यायामच सोडायला लावणे होय. अनेकांनी तो तसा सोडलेला मी पाहिला आहे. त्यामुळे पुढचे सर्व मार्गदर्शन बांधणे ज्यांना टाळता येत नाही त्यांच्यासाठी आहे, आणि त्याचा पाया एकच आहे: व्यायामाच्या वेळी छाती रोजच्यापेक्षा कमी सपाट दिसली तरी चालेल, श्वास मात्र पूर्ण आला पाहिजे.

बहुतेकांसाठी व्यायामाचा योग्य कपडा म्हणजे चांगल्या पकडीची, रुंद पट्ट्यांची, छातीला दाबून धरणारी स्पोर्ट्स ब्रा. तिचे कापड चहूबाजूंनी ताणले जाते, त्यामुळे बरगड्यांना जागा मिळते. बाइंडरच्या पुढच्या भागात मात्र न ताणले जाणारे अस्तर असते. ब्रा हा शब्दच नको वाटतो, हे मी जाणतो. पुढे चेन नसलेला, बनियनसारख्या पाठीचा काळा किंवा राखाडी नमुना घेतला आणि वर सैल टी-शर्ट घातला, तर तो बनियनपेक्षा वेगळा वाटत नाही. एकावर एक दोन ब्रा घालण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात, पण दोन थरांचा दाब पुन्हा बाइंडरइतका होतो, तेव्हा ती टाळावी. बाइंडरच घालायचा असेल तर व्यायामासाठी वेगळा ठेवावा: पोटापर्यंत न जाणारा, अर्ध्या लांबीचा आणि रोजच्यापेक्षा एक माप मोठा, किंवा वापरून सैल पडलेला जुना. लहान माप घेतल्याने छाती अधिक सपाट होते हा समज चुकीचा आहे. मांस काखेकडे आणि वर सरकते आणि फुगवटा तेथे दिसू लागतो.

तिसरा पर्याय खेळाडू स्नायूंवर लावतात तशा ताणपट्टीचा, म्हणजे बाइंडिंग टेपचा. ही पट्टी स्तनाच्या पुढच्या भागापासून काखेच्या दिशेने लावतात. छातीला पूर्ण वेढा बसत नसल्याने बरगड्या मोकळ्या राहतात. मात्र पट्टी पाठीवरून फिरवून दोन्ही टोके एकत्र आणू नयेत, स्तनाग्रावर मऊ कापसाची घडी ठेवावी, पहिल्यांदा वापरण्यापूर्वी छोटा तुकडा एक दिवस कातडीवर लावून खाज किंवा पुरळ येते का ते पाहावे, आणि काढताना ओढून न काढता खोबरेल तेल जिरवून सावकाश सोडवावी. घाईघाईत ओढलेल्या पट्टीबरोबर कातडीचा पापुद्रा निघतो आणि मग आठवडाभर काहीच घालता येत नाही.

कपडा कोणताही असो, त्याची परीक्षा घरीच घ्यावी. आधी छाती मोकळी ठेवून दोन्ही तळवे स्तनांच्या खाली, बरगड्यांच्या दोन बाजूंना टेकवावेत आणि सावकाश खोल श्वास घ्यावा. तळवे एकमेकांपासून दूर सरकताना जाणवतात. मग कपडा घालून तेच करावे. शिंप्याची टेप असेल तर त्याच जागी श्वास सोडून आणि श्वास भरून अशी दोन मापे घ्यावीत आणि दोघांतील फरक कपड्याशिवाय व कपड्यासह ताडून पाहावा. मोकळ्या छातीचा फरक चार सेंटिमीटर असेल आणि कपड्यात तो जेमतेम दोनच उरत असेल, तर तो कपडा व्यायामाचा नाही, हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे. यानंतर दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, जोरात खोकावे, काखेजवळच्या कडेखाली दोन बोटे सहज जातात का ते पाहावे आणि इमारतीचे तीन मजले चढून वर पोहोचताच एखादे पूर्ण वाक्य न थांबता मोठ्याने बोलावे. वाक्य मध्येच तुटले तर त्या कपड्यात मैदानावर जाऊ नये.

व्यायामाच्या प्रकारानुसारही निर्णय बदलतो. चालणे, संथ सायकल आणि पायांचे हलके व्यायाम स्पोर्ट्स ब्रामध्ये सहसा निर्धोक होतात. धावताना वेग वाक्याच्या कसोटीवर ठरवावा: बोलता येईल इतकाच. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक अशी पुरुषांच्या शारीरिक चाचणीची तयारी करणाऱ्या ट्रान्स तरुणांची मला विशेष काळजी वाटते. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये पोलीस भरतीत तृतीयपंथी उमेदवारांसाठी वाट खुली करून दिल्यावर अनेकांनी उमेद धरली, आणि वेळ साधण्याच्या जिद्दीत शरीराचे इशारे दुर्लक्षिले जाण्याचा धोका येथेच जास्त असतो. वेळ लावून धावण्याचा सराव बाइंडर घालून कधीही करू नये. वजन उचलताना आपण श्वास भरून धड ताठ करतो. बरगड्या उघडल्याच नाहीत तर तो आधार मिळत नाही आणि भार कंबरेवर येतो. त्यामुळे स्क्वॉट आणि डेडलिफ्ट बाइंडरमध्ये वर्ज्य समजावेत. कपालभाती, भस्त्रिका आणि पाठ मागे वाकवणारी आसने पूर्ण मोकळ्या छातीनेच करावीत. कबड्डीसारख्या खेळात पडताना बरगडीवर मार बसतो, म्हणून तेथेही बाइंडर नको. पोहताना ओला कपडा जड होऊन अंगाला अधिक चिकटतो, तेव्हा सैल कपडा आणि कमरेइतके पाणी, एवढीच मर्यादा पाळावी.

पाठ आणि खांद्यांचा व्यायाम मात्र आवर्जून करावा. छाती लपवण्यासाठी वर्षानुवर्षे खांदे पुढे पाडून चालल्याने पाठीचा वरचा भाग दुखरा होतो, आणि रोइंगसारखे मागे ओढण्याचे व्यायाम ते हळूहळू सुधारतात. शिवाय खांदे रुंद झाले की छातीचा उठाव नजरेत कमी भरतो, हा लाभही लहान नाही.

दिवसभर बांधून ठेवण्याची मर्यादा सर्वसाधारणपणे आठ तासांची सांगितली जाते, आणि व्यायामाचा वेळ त्यातच धरायचा असतो. कामावरून सुटून त्याच बाइंडरवर थेट व्यायामशाळेत जाऊ नये. मध्ये किमान अर्धा तास छाती मोकळी सोडावी. व्यायाम संपताच कपडा काढून काही खोल श्वास घ्यावेत आणि दोन-तीनदा खोकावे. आठवड्यातून एक-दोन दिवस काहीही न बांधता काढावेत. आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी बोलत नाही: मैदानावरील स्वच्छतागृहात जाण्याची भीती वाटते म्हणून आपल्यापैकी कित्येकजण पाणीच पीत नाहीत. आवळलेली छाती, एप्रिल-मेचे ऊन आणि कोरडे शरीर यांतून भोवळ येण्यास वेळ लागत नाही, म्हणून घराजवळचे मैदान आणि सकाळची वेळ निवडावी, पण पाणी कमी करू नये.

घाम साचलेल्या घडीत घामोळे आणि गजकर्ण लवकर होते. कपडा रोज थंड पाण्यात हाताने धुवून, न पिळता, सावलीत वाळवावा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत तो एका रात्रीत वाळत नाही आणि ओलसर कपडा पुन्हा घातला की खाज ठरलेलीच, म्हणून दोन कपडे आलटून पालटून वापरणे आवश्यक आहे. गजकर्णावर मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्या मलमांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने खाज तात्पुरती थांबते पण संसर्ग पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.

श्वास घेताना टोचणारी कळ, भोवळ, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, बोटांचा रंग बदलणे यांपैकी काहीही झाले तर फेरी पूर्ण करण्याचा विचारही न करता तेथेच कपडा सोडावा. दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधून व्यायाम करू नये आणि इनहेलर जवळ ठेवावा. कपडा काढून, बसून काही मिनिटांत धाप शमली नाही किंवा छातीतील वेदना टिकून राहिली, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना सांगायचे वाक्य आधीच ठरवून ठेवावे, कारण त्या क्षणी शब्द सुचत नाहीत: ‘मी छातीभोवती घट्ट कपडा घालून व्यायाम करत होतो आणि आता येथे दुखत आहे.’ एवढे पुरेसे असते. सोबत धावणाऱ्या एका तरी विश्वासू माणसाला आपण काय घातले आहे ते माहीत असावे, आणि आपण बेशुद्ध पडलो तर हा कपडा डोक्यावरून ओढून काढण्याची खटपट न करता काखेखालच्या शिवणीवरून कात्रीने कापायचा आहे, हेही त्याला सांगून ठेवावे. माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात बोथट टोकाची कात्री असते आणि ती कोठे आहे हे माझ्या मित्राला माहीत आहे.