गॅलरीतलं बुटकं बॉक्सवूड वाळतंय? या चुका टाळा

पहिली चूक नर्सरीतच होते. बॉक्सवूड म्हणजे छाटून आकार देता येतो ते बारीक पानांचं, कायम हिरवं झुडूप. मुंबईत बॉक्सवूड म्हणून जे गळ्यात मारतात ते कधी कामिनी निघते, कधी ड्युरांटा (ही दोन्ही कुंपणाची वेगळी झुडपं), आणि आपण बारीक हिरवी पानं बघून खूश. एक फांदी जवळ घेऊन बघा, खऱ्या बॉक्सवूडची पानं समोरासमोर जोडीने येतात, नखाएवढी, जाडसर, वरून चकचकीत, कडेला दाते अजिबात नाहीत आणि टोकाला बऱ्याचदा बारीकशी खाच. कामिनीच्या एकाच देठावर बरीच पानं असतात आणि चुरगळली की लिंबाच्या जातीचा वास येतो. ड्युरांटाच्या कडा बऱ्याचदा दातेरी असतात.

बरं, खरंच बॉक्सवूड मिळालं तर पुढचा घोळ म्हणजे घाई. सफ्रुटिकोसा नावाची जी जुनी बुटकी जात आहे ती वर्षाला जेमतेम 2 ते 5 सेंटीमीटर वाढते. वाढत नाही म्हणून दर पंधरा दिवसांनी खत ओतलं तर वाढ राहते बाजूला, मुळं मात्र जळतात.

पण आपल्याकडे झाड मरतं ते जास्त करून पाण्याने. याची मुळं वरवर पसरलेली आणि नाजूक असतात, साचलेलं पाणी त्यांना चालत नाही आणि इथे जून ते सप्टेंबर दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. त्यात नर्सरीतला मुळांभोवतीचा लाल मातीचा गोळा तसाच कुंडीत ठेवला की संपलंच, उन्हाळ्यात तो विटेसारखा होतो आणि पाणी कडेकडेने निघून जातं, पावसाळ्यात तोच आतून चिखल. मुळं कुजली की पानं फिकी पडून मलूल होतात, आपल्याला वाटतं तहानलंय, आणि आपण अजून एक मग पाणी घालतो!

अशा वेळी सरळ झाड कुंडीतून काढा. मुळं काळपट, मऊ, घाण वासाची असतील तर तेवढी कापा, जुना गोळा हलक्या हाताने सोडवा आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडं गांडूळखत, जाडी वाळू असं भुसभुशीत मिश्रण करून आधी होतं त्याच खोलीवर लावा, बुंधा गाडू नका. खाली ताटली नको. बोट खुपसून वरचा इंचभर कोरडा लागला तरच पाणी, आणि नवीन पालवी येईपर्यंत खताचं नाव काढू नका.

ऊन सकाळचं द्या. हे मूळचं थंड हवेतलं झाड, पश्चिमेच्या ग्रिलमध्ये मे महिन्याची आणि ऑक्टोबरची दुपार त्याला सोसत नाही, पानं तांबूस होऊन कडेने करपतात.

छाटणीत सगळे एकच करतात, हँगिंग गार्डनमध्ये झुडपं कापून केलेल्या हत्ती-जिराफांसारखा आकार हवा म्हणून फक्त वरून वरून कात्री. बाहेर हिरवा गोळा दिसतो पण हात घालून फांद्या बाजूला करा, आत सगळ्या नुसत्या काटक्या! उजेड नाही, हवा नाही, मग बुरशी लागणारच. मधल्या चार-दोन फांद्या आतपर्यंत कापून विरळ करा, आणि हे काम पावसाळा सरल्यावर, भर पावसात नको.

काही जातींना ऊन तापलं की मांजर मुतल्यासारखा वास येतो, शेजारच्या बोक्याला उगाच हाकलू नका. घरात कुत्रा-मांजर असेल तर छाटलेली पानं लगेच उचला, ती विषारी असतात. आणि सोसायटीच्या कंपाउंडला कुंपण हवं असेल तर माझं मत विचाराल तर कामिनी किंवा मेंदीच लावा, बॉक्सवूड एखाद्या कुंडीपुरतं ठीक आहे.