हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन बंद करण्यापूर्वी

व्हिडिओ लावला की आवाज येतो पण चित्र काळे राहते, ब्राउझरमध्ये मधूनच हिरवे पट्टे उमटतात, किंवा ऑटोकॅडमध्ये झूम करताना रेषा गायब होतात. अशी तक्रार कोल्हापुरात कोणाकडेही नेली, तरी बहुधा एकच सल्ला मिळतो: हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन बंद करा, म्हणजे चित्राचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवण्याची सोय बंद ठेवा. हा प्रकार म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पट्टे जातात हे खरे, पण ग्राफिक्स कार्डाचे सगळे काम प्रोसेसरच्या गळ्यात पडते. मग उद्यमनगरात पॅटर्नचे त्रिमितीय ड्रॉइंग फिरवणारा ऑपरेटर किंवा ऐन लग्नसराईत व्हिडिओ एडिट करणारा छायाचित्रकार संगणक मंदावला म्हणून नवा प्रोसेसर घ्यायला निघतो, आणि पैसे मोजून घेतलेले कार्ड आत नुसते बसून राहते.

अ‍ॅक्सलरेशन बंद करणे हा उपाय नसून ती एक तपासणी आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज उघडून सिस्टम या भागात ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशनचे बटण बंद करावे आणि ब्राउझर पुन्हा सुरू करावा. दोष गेला, तर कार्ड, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारी आज्ञावली) आणि तो प्रोग्राम या तिघांच्या नात्यात बिघाड आहे. दोष तसाच राहिला, तर केबल किंवा मॉनिटरकडे पाहावे. ऑटोकॅडमध्ये हीच तपासणी ग्राफिक्सकॉन्फिग ही आज्ञा देऊन करता येते. उत्तर मिळाले की बटण लगेच पुन्हा चालू करावे.

मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, तर कार्डालाच जोडलेली आहे ना, हे पाहून घ्यावे.

नंतर संगणक बंद करून सुरू करावा आणि थेट बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, शिरावे. तिथेही ठिपके आणि पट्टे दिसत असतील, तर विंडोज आणि ड्रायव्हर दोघेही निर्दोष आहेत, कारण ते अजून सुरूच झालेले नाहीत. अशा वेळी आधी केबल बदलून पाहावी. तरीही पट्टे राहिले तर वीज तोडून कार्ड काढावे, त्याच्या सोनेरी कडा मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, स्लॉटमधली धूळ उडवावी आणि कार्ड पुन्हा घट्ट बसवावे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीजवळच्या कार्यालयात ही सफाई पावसाळ्यापूर्वी एकदा करावीच, कारण तिथली बारीक धूळ आणि जुलैची दमट हवा यांचे संपर्कांशी मुळीच पटत नाही.

बायॉस स्वच्छ दिसला तर विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर उघडावा. डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्सखाली कार्डाच्या नावाऐवजी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर असे दिसले, तर कार्डाचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. क्रोमच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि जीपीयू असे लिहिले की एक लांबलचक पान उघडते. त्यात व्हिडिओ डिकोडसमोर हार्डवेअर अ‍ॅक्सलरेटेड आहे की सॉफ्टवेअर ओन्ली (म्हणजे काम प्रोसेसरवर), एवढेच पाहावे.

आता खरा अवघड टप्पा. ‘ड्रायव्हर अपडेट करा’ हा सल्ला ऐकायला सोपा वाटतो, पण जुन्या ड्रायव्हरवर नवा चढवल्याने जुन्या फाइली आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या) नोंदी मागे राहू शकतात आणि दोष परत येऊ शकतो. म्हणून जुना ड्रायव्हर मुळासकट काढावा लागतो, आणि नेमके इथेच विंडोज आडवे येते. मी या टप्प्यावर पुष्कळ झगडलो आहे: ड्रायव्हर काढून संगणक रिस्टार्ट होतो न होतो, तोच विंडोज अपडेट आपल्याकडचा ड्रायव्हर, बहुतेकदा जुनाच, काही न विचारता बसवून टाकते. आपण त्यावर नवा चढवतो आणि सफाई केल्याच्या समाधानात जिथे होतो तिथेच राहतो.

यासाठी क्रम बदलू नये. कार्डावरची चिप बनवणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या, संकेतस्थळावरून ड्रायव्हर आधी उतरवून डेस्कटॉपवर ठेवावा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ देणाऱ्या प्रोग्रामांना संगणकाच्या आसपासही फिरकू देऊ नये. जुना ड्रायव्हर मुळासकट काढणारे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे विनामूल्य साधनही तेव्हाच उतरवावे. मग लॅनची केबल प्रत्यक्ष उपसून काढावी आणि वाय-फाय असेल तर तेही बंद करावे. अपडेट नुसते पॉज करण्यावर माझा विश्वास नाही. केबल हातात असली म्हणजे शंकेला जागा उरत नाही.

त्यानंतर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करावे आणि ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरत्या गोष्टी चालू असलेल्या विंडोजमध्ये, जावे. या वाटेवर दोन खड्डे आहेत. डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर इथे रिकव्हरी की मागितली जाते आणि ती हाताशी नसेल तर काम तिथेच अडते. शिवाय सेफ मोडमध्ये कधीकधी नेहमीचा पिन चालत नाही, म्हणून खात्याचा मूळ पासवर्ड ठाऊक असावा. हिशेबाचा किंवा दुकानाचा एकमेव संगणक असेल, तर या दोन गोष्टी कागदावर लिहून घेतल्याशिवाय शिफ्टला हात लावू नये.

सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून चिपची कंपनी निवडावी आणि सफाई करून रिस्टार्ट हा पर्याय घ्यावा. संगणक सुरू झाल्यावर चिन्हे मोठी आणि स्क्रीन बेढब दिसेल. घाबरू नये, ते अपेक्षितच आहे. लॅनची केबल न जोडताच उतरवलेला ड्रायव्हर बसवावा, पुन्हा रिस्टार्ट करावे आणि मगच इंटरनेट जोडावे. या साधनात विंडोज अपडेटला ड्रायव्हर आणण्यापासून रोखणारा एक पर्याय आहे. तो वापरला असेल तर काम झाल्यावर पूर्ववत करावा, नाहीतर पुढच्या महिन्यात घेतलेल्या नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर का येत नाही, याचा शोध घेत बसावे लागते.

आपलाच ड्रायव्हर टिकला की विंडोजने पुन्हा घुसवला, हे आकड्यांवरून कळते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडिया कार्डाच्या ड्रायव्हर टॅबवर समजा ३१.०.१५.३७४२ असे लिहिले आहे. त्यातले शेवटचे पाच अंक घेतले की ५३७.४२ ही खरी आवृत्ती मिळते. ती उतरवलेल्या फाइलीच्या नावाशी जुळली पाहिजे. नवीनतम आवृत्तीचा हट्टही धरू नये. कॅड आणि एडिटिंगसाठी मी नेहमी एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर बसवतो. खेळांसाठी घाईने काढलेल्या आवृत्त्यांचे तिथे काही काम नाही.

पुढचे सोपे आहे. यूट्यूबवर व्हिडिओ लावून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) उघडावा. व्हिडिओ डिकोडचा, काही एएमडी कार्डांवर व्हिडिओ कोडेकचा, आलेख हलला म्हणजे काम झाले. तो सपाट राहिला तर व्हिडिओवर उजवी क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्समध्ये कोडेक (व्हिडिओ आवळण्याची पद्धत) पाहावा. एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ एनव्हिडियामध्ये आरटीएक्स ३० मालिकेपासूनच कार्डावर उलगडतो. जीटी १०३० ची मजल व्हीपी९ पर्यंत आहे आणि जीटी ७१० ला तेही जमत नाही, त्यामुळे तिथे ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही. यूट्यूबला एच२६४ च पाठवायला लावणारे ब्राउझर एक्स्टेन्शन अशा जुन्या कार्डांवर उपयोगी पडते.

विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंग्जमधले जीपीयू शेड्युलिंगचे बटण २०२० मध्ये आले आणि ते वेगळे प्रकरण आहे. आपल्या तक्रारीशी त्याचा क्वचितच संबंध असतो.

एवढे करूनही स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम या नोंदवहीत ४१०१ क्रमांक शोधावा. कार्डाने साधारण २ सेकंद उत्तर दिले नाही की विंडोज ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा करते, त्याची ती नोंद आहे. रजिस्ट्रीत ही मुदत वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. लांबलचक रेंडर चालवणाऱ्यांखेरीज इतरांनी तो मानू नये. नोंदी फक्त जड काम चालू असतानाच पडत असतील, तर वीजपुरवठा तपासावा. स्लॉटमधून ७५ वॅटच मिळतात, बाकीची वीज बहुधा ६ किंवा ८ पिनांच्या केबलने थेट एसएमपीएसकडून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) येते, आणि कॅबिनेटसोबत स्वस्तात मिळालेला एसएमपीएस तिथेच मान टाकतो. ओळखीच्या कोणाकडून चांगला एसएमपीएस एक दिवस मागून आणावा आणि तो लावून तेच काम पुन्हा करून पाहावे. नोंद पडली नाही तर एसएमपीएस बदलावा. तरीही पडली तर बिल शोधून कार्डाची वॉरंटी शिल्लक आहे का ते पाहावे.