सिक्स-एपीएला साइड चेन लावताना रिंग कशी वाचवायची

पेनिसिलिनचं अ‍ॅनालॉग, म्हणजे थोडा बदल केलेला भाऊबंद, बनवायचं म्हटलं की आमच्याकडचे एम.फार्मचे पोट्टे आधी साइड चेनवरच भांडत बसतात, फ्लोरो लावू का मिथॉक्सी लावू. अरे साइड चेन लागतेच राजेहो, खरी भानगड पेनिसिलिनच्या त्या चार अणूंच्या बीटा-लॅक्टम रिंगची आहे. कोन ९० डिग्रीच्या आसपास, ताणलेली, म्हणूनच ती बॅक्टेरियाच्या एन्झाइमवर उघडून चिकटते आणि तुमच्या फ्लास्कमध्येपण फटकन उघडते.

रिंग स्वतः बनवायच्या नादी लागू नका. जॉन शीहॅन या केमिस्टला पेनिसिलिन व्ही पूर्ण सिंथेसाइज करायला नऊ वर्षं लागली, १९५७ मध्ये जमलं. आपण सरळ ६-एपीए घ्यायचं, पेनिसिलिन जीची साइड चेन एन्झाइमने कापली की उरतं ते.

हे नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, सोडियम बायकार्बोनेटच्या पाण्यात घ्या, थोडं अ‍ॅसिटोन टाका, बर्फावर ठेवा, ० ते ५ डिग्री. मग हव्या त्या साइड चेनचं अ‍ॅसिड क्लोराइड अ‍ॅसिटोनमध्ये करून थेंब थेंब सोडा. एचसीएल सुटतं, फेस येतो, फ्लास्क मोठा घ्या. पीएच सातच्या आसपास ठेवा आणि उतरला तरी कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) ओतू नका, बायकार्बच टाका. मी ओतलं होतं. मे महिना, लाइट गेलेली, रसवंतीवाल्याकडून आणलेला बर्फपण वितळून गेला, थर्मामीटर बघतो तं २२, वरून कॉस्टिक. पांढरीशुभ्र पावडर निघाली, मी खुश, आणि आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) १७७५ ला काहीच नाही, सपाट, म्हणजे रिंग गेलेली! नेहमीच्या अमाइडचा पीक १६५०-१६८० ला असतो, रिंगचा १७७० ते १७८० ला, दोन्ही दिसले तरच गाइडकडे जा.

वर्कअपला, म्हणजे रिअ‍ॅक्शननंतर माल वेगळा काढताना, रेंगाळू नका. इथिल अ‍ॅसिटेट टाकून थंडीतच पीएच २ ला आणा, हलवा, लगेच लेयर वेगळा करा, अ‍ॅसिडमध्येपण रिंग टिकत नाही. मग पोटॅशियम सॉल्ट पाडा.

पहिल्या खेपेला फिनॉक्सीअ‍ॅसिटिल क्लोराइड घ्या, पेनिसिलिन व्ही मिळतं, जुळवून बघायला सोपं. अ‍ॅम्पिसिलिनसारखी अमिनोवाली चेन असली तं अमाइन आधी झाकावी लागते, नाहीतर ती स्वतःशीच जुळत बसते.

कोणाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर त्याला या बेंचजवळ येऊच देऊ नका, बाकीच्यांनी मास्क आणि ग्लोव्हज. उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही, रात्रभर कॉस्टिकमध्ये ठेवा. कॉस्टिक वापरायचं ते इथं.