आर्पवॉचने पत्त्यांच्या जोड्यांवर लक्ष ठेवणे
स्थानिक नेटवर्कवर कोणता आयपी पत्ता कोणत्या ४८ बिटांच्या मॅक पत्त्याशी (यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाशी) जोडलेला आहे, याची नोंद आर्पवॉच हा प्रोग्रॅम ठेवतो. लिनक्सवर तो बसवून योग्य नेटवर्क इंटरफेस (ज्या नेटवर्क जोडणीवर लक्ष ठेवायचे ती) नेमून द्यावा आणि सूचनांसाठी ईमेल पत्ता भरावा. पहिले काही दिवस प्रत्येक यंत्र नवीनच ठरत असल्याने सूचनांचा पाऊस पडतो. तो संयमाने सोसावा. खरे लक्ष द्यावे ते 'फ्लिप फ्लॉप' या सूचनेकडे, कारण एकच आयपी पत्ता दोन मॅक पत्त्यांमध्ये आलटून पालटून दिसत असेल, तर पत्त्यांची टक्कर (दोन यंत्रांनी एकच आयपी पत्ता वापरणे) किंवा एआरपी स्पूफिंग (खोटे संदेश पाठवून दुसऱ्याचा आयपी पत्ता आपलाच असल्याचे भासवणे) यांपैकी काहीतरी घडत असण्याची शक्यता असते. मॅक पत्ता बदलत राहणारे मोबाइल मात्र विनाकारण घाबरवतात.