अमेरिकेत मेडिकल गांजाचं कार्ड काढताय? आधी या चुका टाळा

आमच्या ओळखीतल्या एका काकूंना किमो सुरू झाल्यावर अन्नच जाईना, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनीच मेडिकल कॅनाबिसचा, म्हणजे औषध म्हणून घ्यायच्या गांजाचा विषय काढला, आणि मग घरात जो तो काहीतरी अर्धवट ऐकलेलं सांगायला लागला. इथे न्यू जर्सीत तर २०२२ पासून २१ वर्षांवरच्या कोणालाही दुकानात आयडी दाखवून मिळतं, मग राज्य पेशंटला देतं ते कार्ड कशाला, काकूंचं ग्रीन कार्ड आहे म्हणजे काहीच प्रॉब्लेम नाही, वगैरे. त्यातलं बरंच चुकीचं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "इथे लीगल आहे" हे वाक्य. लीगल आहे ते राज्याच्या कायद्याने. फेडरल कायद्यात गांजावर १९७० पासून बंदी आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप हे सगळं फेडरल सरकारच्या हातात. म्हणून तर डॉक्टर गांजाचं प्रिस्क्रिप्शन लिहीत नाहीत, फक्त शिफारस करतात आणि ते नेहमीच्या फार्मसीत मिळत नाही. यूएससीआयएसने (ग्रीन कार्ड, सिटिझनशिपचे अर्ज बघणारं फेडरल खातं) एप्रिल २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं की राज्यात परवानगी असली तरी गांजा घेणं किंवा त्या धंद्यात काम करणं हे सिटिझनशिपच्या अर्जात चांगल्या वर्तनाच्या आड येऊ शकतं. धंद्यात काम म्हणजे नुसतं दुकानात उभं राहणं नव्हे, तेव्हा अशा कंपनीची सॉफ्टवेअरची ऑफर आली तरी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. आणि एअरपोर्टवर ऑफिसरने विचारलं आणि तुम्ही सहज "हो घेतलंय" म्हणालात तर कोर्टात काही सिद्ध न होताही नुसत्या त्या कबुलीवर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. तिथे फोनही तपासू शकतात, त्यामुळे दुकानातले फोटो, पावत्या, मित्रांना टाकलेले मेसेज सगळं त्यांच्यासमोर येतं. याचा अर्थ फॉर्मवर खोटं लिहा असा अजिबात नाही, ते तर आणखी वाईट. सिटिझन नसाल तर वकिलाशी बोलल्याशिवाय कार्डाचा अर्ज करू नका, बस.

दुसरी चूक आपल्या लोकांत फार बघते, आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात, गुडघे दुखतात, झोप लागत नाही, मग मुलगा प्रेमाने गांजाची गमी (चघळायची गोड गोळी) आणून देतो. अरे, ते व्हिजिटर व्हिसावर आहेत, वरचं सगळं त्यांना जास्तच लागू! शिवाय रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर गांजातल्या घटकांमुळे तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. आणि गमी चढायला अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात, काहीच होत नाही म्हणून दुसरी खाल्ली की रात्री चक्कर येऊन पडणं आलंच. उरलेल्या गमी बॅगेत राहून मुंबईला पोचल्या तर तिथे अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. होळीला भांग चालते मग हे का नाही असं कोणीतरी म्हणतंच, पण त्या कायद्यात नुसती पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत म्हणून भांगेची गोष्ट वेगळी, गांजातला नशा आणणारा घटक, टीएचसी, घालून बनवलेली गमी त्या सवलतीत बसत नाही. अमेरिकेतलं कार्ड तिथे दाखवून काही उपयोग नाही.

आता ज्यांना हे इमिग्रेशनचं टेन्शन नाही त्यांच्या चुका. डॉक्टरचं पत्र म्हणजे कार्ड नव्हे. कॅलिफोर्नियात पत्र वेगळं आणि काउंटीचं (जिल्ह्याचं) कार्ड वेगळं, आणि सेल्स टॅक्सची माफी फक्त काउंटीच्या कार्डावर मिळते, पत्रावर नाही. टेक्ससमध्ये तर पेशंटला कार्डच नसतं, डॉक्टर राज्याच्या रजिस्ट्रीत नोंद करतो, म्हणून "टेक्ससचं कार्ड काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. फ्लोरिडात लोक हमखास फसतात ते तारखांमध्ये, कारण राज्याचं कार्ड वर्षाचं पण डॉक्टरचं सर्टिफिकेशन जास्तीत जास्त २१० दिवसांचं, म्हणजे कार्डावर तारीख शिल्लक दिसते आणि दुकानवाला सांगतो तुमची ऑर्डरच नाही. काउंटरवर असं झालं तर आधी सर्टिफिकेशनची तारीख बघा.

कार्ड राज्याच्या सीमेवर संपतं हेही लोक विसरतात. फिलाडेल्फियाहून पूल ओलांडून न्यू जर्सीत यायचं, विकत घ्यायचं आणि परत जायचं, हे चालत नाही, पेनसिल्व्हेनियात गांजा फक्त तिथल्या पेशंटनाच आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी दोन्हीकडे लीगल, तरी मधली सीमा ओलांडून नेणं फेडरल गुन्हाच. कोलोरॅडोची गमी टेक्ससमध्ये सापडली तर थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, अगदी थोडी असली तरी. नेवाडा बाहेरच्या राज्याचं मेडिकल कार्ड मानतं, सगळी राज्यं मानत नाहीत, म्हणून निघण्याआधी त्या राज्याची सरकारी साइट बघा. घरी कुंडीत लावायचा विचार असेल तर न्यू जर्सीत कार्ड असलेल्या पेशंटलाही परवानगी नाही.

कार्ड आहे म्हणून गांजाच्या नशेत गाडी चालवता येत नाही, डीयूआय (नशेत गाडी चालवल्याचा गुन्हा) लागतंच. ट्रक किंवा बस चालवणाऱ्यांच्या फेडरल ड्रग टेस्टमध्येही कार्ड धरत नाहीत.

काकूंचं काय झालं विचाराल तर वकिलाने थांबा म्हटल्यावर त्यांनी डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारला. ड्रोनॅबिनॉल म्हणून एक गोळी आहे, टीएचसीच पण लॅबमध्ये बनवलेलं, एफडीएची मान्यता असलेलं, किमोच्या मळमळीसाठी नेहमीच्या फार्मसीत प्रिस्क्रिप्शनवर मिळतं. त्यांना तीच चालू केली आणि आता थोडी पेज, थोडा मऊ भात जातो.