कॉमन लिस्पच्या लायब्ररीतला कॅशे थ्रेड-सेफ कसा करायचा

कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेचं स्टँडर्ड आलं 1994 मध्ये आणि त्यात थ्रेड्सबद्दल (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांबद्दल) काहीच नाहीये, त्यामुळे हे सगळं आपल्यालाच बघावं लागतं. एसबीसीएलमध्ये (कॉमन लिस्पचा एक कंपायलर) साधा हॅश टेबल (की देऊन व्हॅल्यू ठेवायची रचना) दोन थ्रेड्सनी एकाच वेळी लिहिला की आतून बिघडू शकतो. टेबल बनवताना सिंक्रोनाइझ्ड ऑप्शन दिला की एकेक गेट-हॅश (टेबलमधली व्हॅल्यू वाचायचं किंवा ठेवायचं काम) सेफ होतो, पण खरी गोची पुढे आहे.

कॅशेमध्ये (एकदा काढलेली उत्तरं साठवायची जागा) आपण आधी बघतो, नसेल तर काढतो आणि मग ठेवतो. या तीन पायऱ्यांच्या मधे दुसरा थ्रेड घुसतो आणि तेच महागडं काम दोनदा होतं, किंवा दोघांच्या हातात दोन वेगळे ऑब्जेक्ट येतात आणि नंतर ईक्यू (दोन्ही ऑब्जेक्ट एकच आहेत का ही तपासणी) का जुळत नाही म्हणून आपण रात्रभर डोकं धरून बसतो (मी बसलोय). म्हणून बोर्डो-थ्रेड्स या थ्रेड्ससाठीच्या लायब्ररीचं एक लॉक घ्या, जे एका वेळी एकाच थ्रेडला धरता येतं. लॉक धरून बघा, नसेल तर लॉक सोडून व्हॅल्यू काढा, परत लॉक धरून पुन्हा बघा, तोवर दुसऱ्याने ठेवली असेल तर त्याचीच वापरा, आपली टाकून द्या. काम दोनदा होईल कधीतरी, पण बाकीचे थ्रेड ताटकळत नाहीत आणि ऑब्जेक्ट सगळ्यांना एकच मिळतो.

गेट-हॅशची दुसरी व्हॅल्यू (की टेबलमध्ये सापडली की नाही हे सांगणारी) नक्की तपासा, नाहीतर निल (लिस्पमधलं 'काही नाही') हे खरं उत्तर असलं तरी दरवेळी नव्याने काढत बसाल.