पेटंटवर मत देण्याआधी पेटंट कसे वाचावे

व्हिडिओ गेम, ग्राफिक्स चिप किंवा एखादा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प यांच्याशी संबंधित पेटंटची बातमी आली की तिच्याविषयीची मते बहुधा मथळ्यावरूनच ठरतात. अमुक कंपनीने तमुक कल्पना बळकावली, एवढे वाक्य वाचले की बाजू ठरते आणि वाद सुरू होतो. लोडिंग स्क्रीनवरील छोट्या खेळांच्या पेटंटबद्दल मी स्वतः कित्येक वर्षे तावातावाने बोलत असे. ते दस्तऐवज उघडून पाहण्याची तसदी मात्र घेतली नव्हती. ज्या दिवशी ते वाचले त्या दिवशी माझा राग ओसरला नाही, पण रागाचे कारण बदलले. पेटंट वाचायला वकील असावे लागत नाही. कोणता भाग वाचायचा, कोणता सोडायचा आणि तारखांचा हिशेब कसा करायचा हे कळले की पाऊण तासात एका पेटंटविषयी जबाबदारीने बोलता येते.

आधी एक इशारा देतो. नोकरीचा भाग म्हणून सॉफ्टवेअर किंवा हार्डवेअर घडवणाऱ्या अनेकांना त्यांच्या कंपन्याच पेटंटे वाचू नका असे सांगतात, कारण अमेरिकेत जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी नुकसानभरपाई तिपटीपर्यंत वाढवता येते आणि वाचल्याचा पुरावा त्या वेळी अंगलट येऊ शकतो. तुम्ही अशा जागी असाल तर आधी कंपनीच्या कायदा विभागाला विचारावे. पुढील मजकूर प्रामुख्याने खेळणाऱ्यांसाठी, हौशी प्रोग्रामरांसाठी आणि या विषयावर लिहिणाऱ्यांसाठी आहे.

पहिले काम म्हणजे पेटंटचा क्रमांक मिळवणे. ज्या बातमीत क्रमांक नाही तिच्यावर मत देण्याची घाई करू नये. क्रमांक मिळाला की तो गूगल पेटंट्स किंवा युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पासनेट या संकेतस्थळावर टाकावा. दोन्ही ठिकाणी पूर्ण मजकूर विनामूल्य वाचता येतो. क्रमांकाच्या शेवटी असलेले अक्षर नीट पाहावे. अमेरिकेच्या अलीकडच्या दस्तऐवजांत ‘ए१’ म्हणजे केवळ प्रकाशित झालेला अर्ज, तर ‘बी१’ किंवा ‘बी२’ म्हणजे मंजूर झालेले पेटंट. अर्ज साधारणपणे दाखल झाल्यापासून १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतात आणि त्यांत कोणीही काहीही मागू शकतो. मागितलेले मिळाले असे त्यातून सिद्ध होत नाही. गेमच्या दुनियेतील निम्मी खळबळ अशा ‘ए१’ कागदांवरच उठते, असे माझे निरीक्षण आहे. २००१ पूर्वीच्या अमेरिकी दस्तऐवजांना हा नियम लावू नये, कारण त्या काळी मंजूर पेटंटलाच ‘ए’ हे अक्षर असे. क्रमांकाच्या आरंभी ‘डी’ असेल तर ते डिझाइन पेटंट आहे. ते वस्तूच्या दिसण्यापुरते असते आणि तिच्या कार्यपद्धतीशी त्याचा संबंध नसतो.

दस्तऐवज उघडल्यावर शीर्षक, गोषवारा आणि आकृत्या ओलांडून थेट शेवटी जावे. तेथे क्रमांक घातलेली लांबलचक वाक्ये असतात, त्यांना दावे म्हणतात. पेटंटधारकाचा हक्क किती हे केवळ दाव्यांवरून ठरते. वर्णनाची वीस-पंचवीस पाने त्या दाव्यांचा अर्थ लावायला उपयोगी पडतात, हक्क मात्र वाढवत नाहीत. एखादी गोष्ट वर्णनात सविस्तर रंगवली आहे पण दाव्यात नाही, असे वारंवार दिसते. तपासणीच्या फेऱ्यांत दावे आकसतात हे त्याचे एक नेहमीचे कारण. २०१४ च्या ‘मिडल-अर्थ: शॅडो ऑफ मॉर्डोर’ या गेममधील शत्रूंच्या श्रेणीरचनेवर वॉर्नर ब्रदर्सला मिळालेले पेटंट अर्ज अनेकदा फेटाळला गेल्यानंतर २०२१ मध्ये मंजूर झाले. अशा वेळी मूळ अर्जातील दावे आणि मंजूर दावे शेजारी ठेवून वाचावेत. काय सोडून द्यावे लागले ते लगेच दिसते.

दावा कसा फोडायचा हे लोडिंग स्क्रीनच्या उदाहरणावरून पाहू. नामको कंपनीचे ते अमेरिकी पेटंट ५,७१८,६३२ या क्रमांकाचे असून त्याचा अर्ज नोव्हेंबर १९९५ मध्ये दाखल झाला होता. त्याचा गाभा तीन अटींत मांडता येतो: एकाच माध्यमावर, म्हणजे उदाहरणार्थ सीडीवर, मुख्य खेळ आणि एक दुय्यम खेळ असे दोन्ही प्रोग्राम असले पाहिजेत; आकाराने लहान असलेला दुय्यम खेळ आधी लोड झाला पाहिजे; आणि तो चालू असतानाच मुख्य खेळ लोड होत राहिला पाहिजे. कागदावर अशी एकेक अट वेगळ्या ओळीत लिहावी आणि ज्या गेमविषयी बोलायचे आहे त्याचा कोणता भाग त्या अटीला जुळतो हे तिच्यासमोर लिहावे. उल्लंघन ठरण्यासाठी दाव्यातील प्रत्येक अट पूर्ण व्हावी लागते. न्यायालये कधी कधी समतुल्य घटकही ग्राह्य धरतात, पण एक अट सरळच गैरहजर असेल तर सहसा त्या दाव्याचे उल्लंघन होत नाही. लोडिंगच्या वेळी फिरणारे चक्र, सूचनांची पाटी किंवा कथेचा सारांश दाखवणाऱ्या गेममध्ये दुय्यम खेळच नाही, तेव्हा त्यांना या पेटंटची भीती नव्हती. मुख्य खेळाचेच मैदान सरावासाठी मोकळे करून दिले तर तो दुय्यम खेळ ठरतो का, हा मात्र खरोखरीचा वादाचा प्रश्न आहे, आणि वाद घालायचाच असेल तर तो अशा ठिकाणी घालावा.

दाव्याच्या भाषेतील दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ‘कम्प्रायझिंग’ हा शब्द आला की यादी खुली असते: तेवढे घटक आहेत आणि वर आणखी दहा आहेत, तरी उल्लंघन होते. ‘कन्सिस्टिंग ऑफ’ आला तर यादी बंद असते. ज्या दाव्यात ‘दावा १ प्रमाणे’ अशा अर्थाचे शब्द आहेत तो अवलंबून असलेला दावा. त्यात मूळ दाव्याच्या सर्व अटी अधिक एखादी नवी अट असते, म्हणजे तो नेहमीच अधिक अरुंद असतो. म्हणून आधी स्वतंत्र दावे वाचावेत, आणि घाई असेल तर तेवढेच वाचावेत.

यानंतर तारखा. आज बहुतेक देशांत पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. अमेरिकेत ८ जून १९९५ पूर्वी दाखल झालेल्या अर्जांसाठी मंजुरीपासून १७ वर्षे किंवा अर्जापासून २० वर्षे, यांतील जी मुदत अधिक ती लागू होते. जीआयएफ या स्वरूपातील चित्रांमागील एलझेडडब्ल्यू या संकोचन (म्हणजे फाइल आकाराने लहान करण्याच्या) पद्धतीचे युनिसिस कंपनीकडील पेटंट घ्या. अर्ज २० जून १९८३ रोजी केला गेला आणि मंजुरी १० डिसेंबर १९८५ रोजी मिळाली. मंजुरीत १७ मिळवले की १० डिसेंबर २००२ येते. अर्जात २० मिळवले की २० जून २००३. दुसरी तारीख नंतरची, म्हणून तीच खरी, आणि अमेरिकेत ते पेटंट त्याच दिवशी संपले. इतर देशांत त्याच शोधाची स्वतंत्र पेटंटे होती आणि ती २००४ पर्यंत चालू राहिली. शिवाय त्याच पद्धतीला लागू होईल असे आयबीएमचेही एक पेटंट होते. एक पेटंट संपले म्हणून कल्पना मोकळी झाली असे मानण्याची चूक येथेच होते. उलट बाजूने, अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी शुल्क भरावे लागते. ते न भरल्यास पेटंट मुदतीआधीच संपते. गूगल पेटंट्सवर पेटंटची स्थिती दिलेली असते, पण ती संगणकाने काढलेला अंदाज आहे असे तेथेच नमूद असते, तेव्हा महत्त्वाच्या प्रसंगी पेटंट कार्यालयाची नोंद पाहावी.

‘हे तर आधीपासूनच होते’ हा पेटंटविरुद्धचा सर्वांत लाडका युक्तिवाद आहे आणि तो बऱ्याचदा खरा असतो, परंतु तो सिद्ध करण्याची रीत ठरलेली आहे. जुने उदाहरण अर्जाच्या ग्राह्य तारखेपूर्वी प्रसिद्ध झालेले असावे लागते आणि तेही दाव्यातील अटींशी एकेक करून जुळवून पाहावे लागते. आपण लिहिलेला तोच तक्ता येथे पुन्हा कामी येतो. कमोडोर ६४ या संगणकावर १९८७ च्या सुमारास कॅसेटवरून मुख्य खेळ लोड होत असताना एक छोटा खेळ खेळू देणारा लोडर वापरात होता. त्याला वरच्या तीन अटी लावून पाहिल्या तर निदान गाभ्यापुरते तरी तिन्ही ठिकाणी उत्तर होकारार्थीच येते असे मला वाटते. तरीही नामकोचे पेटंट २०१५ मध्ये मुदत पूर्ण करूनच संपले. माझ्या रागाचे बदललेले कारण ते हेच: कल्पना हास्यास्पद असण्यापेक्षा, आव्हान देण्याचा खर्च परवान्यापेक्षा किंवा ती सोय गाळण्यापेक्षा जास्त असणे हे अधिक गंभीर आहे. आव्हान दिले जाते तेव्हा निकाल काय लागू शकतो हे एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या पेटंटवरून दिसते. २६ जून १९४७ रोजी अर्ज आणि १९६४ मध्ये मंजुरी मिळालेले ते पेटंट १९ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी रद्द ठरवले. संगणकावरील जॉन अटानासॉफ यांचे आधीचे काम हे त्याचे प्रसिद्ध कारण. पण अर्जाच्या एक वर्षाहून अधिक आधीच यंत्राचा सार्वजनिक वापर आणि माहितीचे प्रकाशन झाले होते, हेही तितकेच निर्णायक ठरले. संगणक कोणी शोधला या भावनिक वादात हा तारखांचा भाग सगळे विसरतात.

देशानुसार कायदा बदलतो, एवढे येथे थोडक्यात सांगितले की पुरे. युरोपीय पेटंट कराराचे कलम ५२ आणि भारतीय पेटंट कायद्यातील कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंटबाहेर ठेवतात, तर अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ‘ॲलिस’ खटल्यातील निकालानंतर अमूर्त कल्पना केवळ संगणकावर चालवल्याने पेटंटयोग्य ठरत नाही. ‘निव्वळ’ आणि ‘अमूर्त’ या शब्दांच्या फटीतून पुष्कळ काही आत शिरते.

हार्डवेअरचे पेटंट असेल तर दाव्यातील काम प्रत्यक्षात कोण करते हे शोधावे. एस३टीसी या पोत-संकोचन पद्धतीत (पोत म्हणजे गेममधील वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेले चित्र) चित्राचे ४ गुणिले ४ पिक्सेलचे ठोकळे करतात. प्रत्येक ठोकळ्यासाठी १६ बिटांचे दोन रंग साठवतात आणि प्रत्येक पिक्सेलला २ बिट देऊन ते दोन रंग व त्यांच्या मधल्या दोन छटा यांतून एक निवडतात. एकूण ६४ बिट, म्हणजे २४ बिटांच्या मूळ रंगांच्या एक षष्ठांश. उलगडण्याचे काम चिप करीत असे. पण एखाद्या खेळाने साधे चित्र देऊन ते संकुचित करून मागितले की ते काम ड्रायव्हरवर, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर येई, आणि मेसा या मुक्त ड्रायव्हर प्रकल्पाला तेवढा भाग वेगळ्या लायब्ररीत ठेवावा लागला होता. ग्राहकाच्या हातातली चिप सक्षम आणि ड्रायव्हर मात्र हात बांधलेला, अशी ती अवस्था ऑक्टोबर २०१७ मध्ये पेटंट संपल्यावर मिटली.

मुक्त सॉफ्टवेअर वापरताना प्रकल्पाची परवाना फाइल उघडून तिच्यात ‘पेटंट’ हा शब्द शोधावा. एमआयटी परवान्यात तो मुळीच नाही. २००४ च्या अपाचे परवाना २.० मध्ये योगदान देणारे आपापल्या संबंधित पेटंटांचा वापर स्पष्ट शब्दांत देतात, आणि त्या सॉफ्टवेअरवर पेटंटचा दावा ठोकणाऱ्याचा तो हक्क संपतो. जीपीएल या मुक्त परवान्याच्या २००७ च्या आवृत्ती ३ मध्ये कलम ११ हे काम करते. मात्र कोणताही परवाना फक्त सहभागी झालेल्यांनाच बांधतो. युनिसिसने कोणाच्या जीआयएफ प्रोग्राममध्ये योगदान दिले नव्हते, त्यामुळे कितीही उदार परवाना त्या वेळी उपयोगाचा नव्हता. नवे स्वरूप घडवणे हाच मार्ग उरला आणि त्यातून पीएनजी आले.

दावा अट न अट वाचला की वळसा कोठून घालायचा हेही दिसते. ‘डूम ३’ या गेममधील सावल्यांसाठी सावलीच्या अदृश्य आकृतीच्या कडा मोजाव्या लागतात. पिक्सेलच्या पुढे असलेल्या कडा मोजल्या तर कॅमेरा स्वतःच सावलीत शिरल्यावर हिशेब चुकतो. म्हणून मागे असलेल्या कडा मोजण्याची युक्ती निघाली, आणि तिच्यावर क्रिएटिव्ह कंपनीचे पेटंट होते. २०११ मध्ये गेमचा कोड जीपीएलखाली खुला करण्यापूर्वी त्याचे प्रमुख प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी त्यातील मोजक्या ओळी बदलल्या. नव्या ओळींत आधी खोली, म्हणजे कडा पिक्सेलच्या पुढे आहे की मागे, हे न पाहता सर्वच कडांची मोजणी होते आणि मग पुढच्या कडांचा हिशेब त्यात मिसळला जातो. एकूणातून पुढचे वजा केले की मागचेच उरतात, त्यामुळे पडद्यावरची सावली तीच राहते. फक्त चिपला त्याच आकृत्या आणखी एकदा रेखाटाव्या लागतात.